अल्फा बेड ते ॲप : आमची वाटचाल

मिरजेत आमचं काम सुरू झालं ते अल्फा बेड भाड्याने देण्यापासून. आळीपाळीने फुगणाऱ्या हवेच्या गाद्या त्या, पडून राहिलेल्या पेशंटला दाबाने जखम, म्हणजे बेडसोअर, होऊ नये म्हणून. पंप बंद पडला की आयसीयूतून फोन यायचा आणि मी पळायचो. गादी बदलायला पेशंट कुशीवर वळवला की माकडहाडावरची जखम दिसायची. वाद दर वेळी तोच. नातेवाईक म्हणत, "जखम इथेच झाली." दवाखाना म्हणे, "येतानाच होती." केसपेपरवर नुसतं 'बेडसोअर'. केवढा, कधीपासून, काही नाही.

भाचा कॉम्प्युटर शिकलेला. पाच महिने खपून त्याने ॲप बनवलं. जखमेशेजारी मापाचा स्टिकर लावायचा, फोटो काढायचा, क्षेत्रफळ हातात. पट्टीने लांबी गुणिले रुंदी केली की वेड्यावाकड्या जखमेचं माप जास्त भरतं, ते टळेल असा हिशेब. दाखवायला गेलो आणि पहिल्याच दिवशी फजिती. ॲपने बीटाडीनचा डागही जखमेत धरला. फ्लॅश लावला तर ओल्या जखमेवर चकाकी, नाही लावला तर सगळं पिवळट. फोन जरा तिरका झाला की माप बदललं.

इनचार्ज सिस्टर शेवटी म्हणाल्या, "दादा, उघडी जखम आम्हालाही दिसते. न उघडलेली दाखवा." त्यांनी पेशंटची टाच उचलून बोटाने दाबली. बेडसोअरच्या पहिल्या पायरीत, म्हणजे स्टेज 1 मध्ये, कातडी अखंड असते. दाबल्यावर लाली पांढरी पडत नाही, ही खूण. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ती लालीच धड कळत नाही. मग सिस्टर ऊब बघतात, कडकपणा चाचपतात. कॅमेरा काय चाचपणार? जखम किती खोल, त्याचंही तसंच. कातडीखाली जखम पोखरत गेली असेल तर ते निर्जंतुक काडी घालूनच समजतं.

भाचा चिडला. मला मात्र हायसं वाटलं. पारख सिस्टरनी करायची, ॲपने ती लक्षात ठेवायची, एवढं ठरलं. आता फोटोआधी ॲप विचारतं : दाबून पाहिलं का? गरम लागतं का? ब्रेडन स्कोअर किती? ही 1987 सालापासूनची सहा बाबींची बेरीज, 6 ते 23. गुण कमी तितका बेडसोअरचा धोका जास्त. 18 किंवा खाली आला की सावध. (नव्या सिस्टर हमखास उलटं समजतात, म्हणून तिथे आम्ही रंग टाकले.) स्टेज सिस्टरच लिहितात. मास्कचा पट्टा नाकावर रुततो, नळी ओठाला घासते, त्या जखमांचा रकानाही त्यांनीच घालायला लावला.

भरतीच्या दिवशीचा फोटो तारीख-वेळेसकट नोंदला जातो, फोनच्या गॅलरीत उतरत नाही. पेशंट बेशुद्ध असला तर फोटोच्या संमतीची सही नातेवाइकांची. पूर्वी असे फोटो व्हॉट्सॲपवर फिरायचे. मीही पुढे पाठवलेत, खोटं कशाला बोलू.

विकणं मात्र अवघड. "कूस बदलायला माणसं नाहीत, ॲप घेऊन काय करू?" एका डॉक्टरांनी तोंडावर विचारलं. बरोबरच होतं. कूस बदलायची आठवण म्हणून दर दोन तासांनी वाजणारा भोंगा आम्ही हौसेने घातला होता. रात्री दहा बेडला दोन सिस्टर. त्यांनी दुसऱ्याच रात्री फोनचा आवाज बंद केला. भोंगा आम्ही काढून टाकला.

सध्या तीन दवाखाने ॲप वापरतात. पगार अजून अल्फा बेडच्या भाड्यातूनच निघतात, भाच्याचासुद्धा.