दोन बादल्यांनी बदललेला प्रस्ताव

माझ्या विद्यार्थिनीच्या संशोधन प्रस्तावाच्या मसुद्यावर संयुक्त राष्ट्रांच्या सतराच्या सतरा शाश्वत विकास उद्दिष्टांची रंगीत चिन्हं होती. शीर्षक होतं ‘वसतिगृहातील अन्ननासाडी व युवकांची जाणीव’. विषय चांगला, पण प्रश्न कुठेच नव्हता. जास्त चिन्हं लावली की प्रस्ताव वजनदार होतो, हा समज कुठून आला कोण जाणे. एक लक्ष्य पुरतं, आणि इथे ते होतं बाराव्या उद्दिष्टातलं 12.3: किरकोळ विक्री आणि ग्राहक पातळीवरची दरडोई अन्ननासाडी 2030 पर्यंत निम्मी करणं.

प्रस्तावनेत ‘एक तृतीयांश अन्न वाया जातं’ आणि ‘19 टक्के वाया जातं’ ही दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी होती. पहिला आकडा अन्न व कृषी संघटनेच्या 2011 च्या अहवालातला, शेतापासून ताटापर्यंतच्या सगळ्या हानीचा. दुसरा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा, 2022 सालासाठीचा. त्यात फक्त दुकानं, खानावळी आणि घरं येतात. परीक्षक नेमकं इथेच पकडतात.

सर्वेक्षणाचा नमुना 384 जणांचा. का? “मॅडम, सगळ्याच प्रबंधांत असतो.” तो येतो 95 टक्के विश्वासपातळी आणि 5 टक्के त्रुटी धरून, तेही लोकसंख्या खूप मोठी असेल तेव्हा. वसतिगृहात राहणारे 600. लोकसंख्या लहान असली की नमुनाही कमी लागतो; ही मर्यादित लोकसंख्येची दुरुस्ती केली की 235 पुरतात. पण त्याहून मोठी अडचण प्रश्नावलीचीच होती. ‘तुम्ही ताटात किती उष्टं टाकता?’ याला खरं उत्तर कोण देणार? मी म्हटलं, आजच्या जेवणाचं वजन करून बघू.

मेसमध्ये दोन बादल्या ठेवल्या: एक ताटातल्या उष्ट्यासाठी, दुसरी पातेल्यांत उरून टाकून द्यायच्या अन्नासाठी. रिकाम्या बादल्यांचं वजन आधी लिहून घेतलं. थोड्याच वेळात पहिली बादली संशयास्पद जड झाली. कुणीतरी ताटं विसळून पाणी त्यातच ओतत होतं, आणि एक लिटर पाणी म्हणजे सरळ एक किलोची चूक. चाळणी ठेवून पुन्हा सुरुवात केली. सालं आणि हाडं वेगळी काढली, कारण न खाण्याजोग्या भागाची नोंद वेगळी नसेल तर दुसऱ्या अभ्यासाशी तुलनाच होत नाही.

जेवण संपलं तेव्हा पातेल्यांची बादली उष्ट्याच्या बादलीपेक्षा कितीतरी जड निघाली. तिच्या प्रस्तावातला उपाय होता भिंतीवर फलक लावण्याचा. म्हणजे ज्यांच्यामुळे कमी वाया जातं, त्यांनाच उपदेश. आचाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “किती जण येणार हे मला कोण सांगतं? कमी पडू नये म्हणून जास्तच शिजवतो.” एका जेवणावरून निष्कर्ष काढायचा नसतो, पण प्रश्न कुठे विचारायचा ते कळलं.

नवा प्रश्न एका वाक्यात बसला: आदल्या रात्री हजेरी नोंदवून घेतली, तर दर जेवणाऱ्यामागे टाकून दिलं जाणारं अन्न किती ग्रॅमनी घटतं? आता मोजणीचं एकक माणूस नाही, एक जेवण. त्यामुळे 235 सुद्धा बाद.

मग मी तिला निकालाचा रिकामा तक्ता आखायला लावला. माझ्या मते प्रस्तावाची खरी सुरुवात हीच. जो रकाना भरता येणार नाही तो इथेच उघडा पडतो. आडव्या ओळी टप्प्यांच्या: चार आठवडे नुसतं वजन, चार आठवडे नोंदणी, दोन आठवडे नोंदणी बंद. शेवटचा टप्पा तिला वेळखाऊ वाटला, पण त्याशिवाय घट नोंदणीमुळे झाली की सुट्ट्यांमुळे, हे सांगणं कठीण. मेन्यू आठवड्याने फिरतो, म्हणून सोमवारची तुलना सोमवारशीच. आपलं मोजलं जातंय हे कळलं की माणसं चार दिवस जपून वागतात, म्हणून पहिला आठवडा विश्लेषणातून वगळायचा. परीक्षेचे आणि सणाचे दिवस वेगळ्या खुणेने.

खर्चाच्या पानावरून छपाई आणि बक्षिसं गेली; तिथे 10 ग्रॅमपर्यंत अचूक काटा, चाळण्या, हातमोजे आणि रोज वजन करणाऱ्या मदतनिसाचं मानधन आलं. नैतिकता समितीच्या अर्जात हजेरीतून नावं काढून फक्त संख्या ठेवायची असं लिहिलं, आणि मेसचालकाची लेखी परवानगी जोडायला अजून बाकी होती.