‘तादा’च्या पुढचं वाक्य

“मी पंखे बनवत नाही,” त्या आजी म्हणाल्या. मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं आणि माझे गिऱ्हाईक, मुंबईचे भेटवस्तूंचे व्यापारी, दचकलेच. “मॅडम, चुकीच्या घरी आलो का आपण?”

घर बरोबर होतं. जपानमधल्या क्योतोतल्या एका अरुंद गल्लीतली खोली, आजींच्या पुढ्यात घड्या घातलेल्या कागदांची चळत, शेजारी खळीचं भांडं. इथला घडीचा पंखा, म्हणजे सेन्सु, तयार होईपर्यंत 87 वेळा हातांतून जातो असं म्हणतात. कामट्या शिगा प्रांतातल्या आदोगावाहून येतात. चित्र काढणारे वेगळे, घड्या घालणारे वेगळे. आजींचं काम कागदात कामट्या बसवण्याचं.

हे काम जवळून बघायला हवं. कागद दिसतो एकच, पण असतो थरांचा, आणि मधला थर असा की तो सोलून दोन भागांत सुटतो. त्या फटीत बांबूची सुई घालून कामट्यांसाठी वाट करतात. मग आजी घड्यांचा गठ्ठा ओठांशी धरून कडेने फुंकर घालतात आणि एकेक वाट उघडते. बुडाशी आधीच एकत्र ओवलेल्या कामट्यांना खळ लावायची आणि ती सुकायच्या आत सगळ्या आत सरकवायच्या. हात थांबला की कागद वाया.

गिऱ्हाइकाचा प्रश्न ऐकून आजी पुन्हा बोलू लागल्या. “तादा…”

आणि मी मध्ये पडले. तीन दिवस खपून शब्दांची वही केली होती, ती सगळी ओतली. क्योतोच्या तो-जी देवळात सहस्रभुज कान्नोन या करुणेच्या बौद्ध देवतेच्या मूर्तीच्या हाताच्या आत सापडलेला, 877 साल लिहिलेला हिनोकी लाकडाच्या पट्ट्यांचा पंखा. नंतरचा, एकाच बाजूला कागद लावलेला, ‘वटवाघूळ’ म्हणून ओळखला जाणारा. तो चीनला जाऊन दोन्ही बाजूंनी कागद लेवून परत आला, तेही. गिऱ्हाईक खूश झाले. शांतता सोसत नाही अशा माणसांना माहिती दिली की ती निवतात. त्यांनी लगेच भाव विचारला.

दुभाष्याने पदरचं घालू नये, हे नव्या मुलींना मीच शिकवते.

‘तादा’चे अर्थ दोन. एक ‘फक्त’: मी फक्त कामट्या बसवते. दुसरा ‘पण’: मी पंखे बनवत नाही, पण… या ‘पण’पुढे काहीही असू शकलं असतं. माझं बोलणं संपेपर्यंत आजींनी पुढचा गठ्ठा ओठांशी नेला होता. भावाचं उत्तर त्यांनी मान हलवून दिलं: ते दुकानात विचारा.

निघताना मी दाराशी वाकून विचारलंही, मघाशी काय सांगत होतात? त्या हसल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही सांगितलंत की सगळं.”

त्यांना मराठी येत नव्हतं.