आधी राजीनामा, मग निवाडा

शनिवारवाड्यापुढे जुन्या शिक्षांचा विषय निघाला की गाडी हत्तीच्या पायापाशीच अडते. हत्तीच्या पायी दिलं, हात तोडले, कडेलोट केला. या शिक्षा होत्याच. पण पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद उलगडायला बसलात, तर पुन्हापुन्हा भेटतात ते वतनाचे, म्हणजे वंशपरंपरागत हक्कांचे, तंटे: पाटीलकी कुणाची, वडीलपणा कुणाचा, शीव कुठून जाते. मराठेशाहीतला न्याय कळायचा तर या तंट्यांतूनच कळतो, असं माझं ठाम मत आहे.

वाचताना पहिली ठेच लागते ती ओळखीच्या शब्दांना. दावा सुरू होतानाच दोन्ही पक्ष ‘राजीनामा’ देतात. म्हणजे सोडून जात नाहीत, तर सभा करील तो निवाडा राजीखुशीने मान्य, असं लिहून देतात. त्यावर जामीन घेतला जाई, म्हणजे उद्या निकाल विरुद्ध गेला तरी माणूस फिरणार नाही. फिर्याद आणणारा अग्रवादी, समोरचा पश्चिमवादी. हरणाऱ्याकडून घेतलेला दंड म्हणजे ‘गुन्हेगारी’, आणि जिंकणाऱ्याने आनंदाखातर सरकारात भरायची रक्कम म्हणजे ‘हरकी’. ‘अमक्याकडून गुन्हेगारी घेतली’ हे वाचून त्याने दरोडा घातला असं धरू नका. बहुतेक वेळा तो दावा हरलेला असतो, इतकंच. गावच्या पंचांवर भरवसा नसेल तर दुसरं ‘थळ’, म्हणजे निवाड्याचं ठिकाण, मागता येई, आणि तंटा परक्या गावच्या गोतासमोर, म्हणजे तिथल्या वतनदार-गावकऱ्यांच्या सभेसमोर, चाले.

पुराव्याचा क्रम स्मृतिकार याज्ञवल्क्यानेच घालून दिलेला: लेख, भोगवटा, साक्षी. यांतलं काहीच नसेल तरच दिव्य, म्हणजे देवावर हवाला ठेवून घेतलेली कसोटी. साक्षीदाराला कागदात ‘गोही’ म्हणतात.

दिव्य म्हणजे उकळत्या तेलात हात घातला आणि झालं, असा समज आहे. प्रत्यक्षात फार बारकाईने बांधलेली ती रीत होती. रवादिव्यात हात स्वच्छ धुवायचे, नखं काढायची, हातांवर पिशव्या चढवून त्यांवर मोहोर करायची, म्हणजे रात्रीत कुणी हाताला काही चोळू नये. दुसऱ्या दिवशी आपलं म्हणणं लिहिलेलं भाळपत्र कपाळाला बांधून, तापलेल्या तेला-तुपातून धातूचा रवा, म्हणजे लहान तुकडा, काढायचा. हात पुन्हा पिशवीत, पुन्हा मोहोर. तिसऱ्या दिवशी सभेपुढे पिशवी उघडून हात पाहायचा. फोड दिसले तर दावा खोटा.

अग्निदिव्याची मापं स्मृतींतच आहेत. आधी हातांवर साळी, म्हणजे न सडलेलं भात, चोळून जुने वण आणि घट्टे हेरून त्यांवर खुणा करायच्या, नाहीतर नांगरधऱ्याचा घट्टा भाजल्याची खूण ठरायचा. मग हातावर पिंपळाची सात पानं सुताने बांधायची आणि ५० पलांचा लाल तापलेला लोखंडी गोळा ठेवायचा. आजच्या हिशेबात पावणेदोन ते दोन किलोच्या दरम्यान. चालायची सात मंडलं, प्रत्येक १६ अंगुळांचं, मध्ये तेवढंच अंतर. एकूण जेमतेम तेरा-चौदा फूट. गोळा टाकल्यावर पुन्हा साळी चोळून हात बघायचा. वाटेत गोळा पडला किंवा शंका राहिली, तर पुन्हा उचलायचा. या सगळ्याचा कच्चा दुवा हात तपासण्यात होता. पानं किती ओली, गोळा किती तापला, आणि पुसटशा लालीला फोड म्हणायचं की नाही, हे शेवटी माणसंच ठरवत. मोहोर रात्रीची लबाडी रोखत असेल, पण बघणाऱ्याच्या नजरेवर मोहोर लावता येत नाही.

निकाल लागला की महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होई. वर ‘हाजीर मजलस’ची, म्हणजे हजर सभेची, नावं, खाली निशाण्या: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. लिहिता न येणाऱ्याचीही हजेरी अशी कागदावर चढते. महजर हाती आला तर मजकुराआधी या निशाण्याच बघा. सभेला कोण बसलं होतं ते तिथेच समजतं.

हरणाऱ्याने मात्र वेगळं येजितखत लिहून द्यायचं: मी खोटा झालो, या वतनाशी माझा संबंध नाही. हा कागद जिंकणाऱ्याच्या घरी जपला जाई, कारण नातवंडांच्या काळात तोच तंटा पुन्हा उभा राहिला, की पहिल्यांदा तोच बाहेर काढावा लागे.