मुख्य आघाडीपटूविना खेळलेले पाच सामने

मी एका फुटबॉल क्लबसाठी सामन्यांचे विश्लेषण करतो. नव्या प्रशिक्षकाची निवड व्हायची होती त्या दिवशी सकाळीच माझा अहवाल तयार होता आणि त्यात मी निःशंकपणे लिहिले होते, की या उमेदवाराच्या दोन्ही विजेतेपदांचे श्रेय त्याच्या खेळाडूंचे आहे. त्याच्या संघाचा पगारावरील खर्च लीगमध्ये सर्वाधिक होता आणि असे संघ गुणतक्त्यात सहसा वरच राहतात. इंग्लंडच्या लेस्टर सिटी क्लबचे उदाहरणही मनात होते. त्याचे प्रशिक्षक क्लाउदिओ रानिएरी यांनी 2015-16 मध्ये 81 गुणांसह प्रीमियर लीगचे विजेतेपद मिळवले, मग मधल्या फळीतला त्यांचा महत्त्वाचा खेळाडू एन्गोलो कांते चेल्सी क्लबला गेला आणि पुढच्याच हंगामात, फेब्रुवारी 2017 मध्ये, रानिएरींना पदावरून दूर व्हावे लागले. त्या हंगामाचे विजेतेपद चेल्सीने पटकावले.

बैठकीला दोन तास उरले असताना एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "या उमेदवाराच्या संघाचा मुख्य आघाडीपटू जखमी होता, ते पाच सामने तुम्ही पाहिलेत का?" मी त्यांचे आकडे पाहिले होते, सामने पाहिले नव्हते.

मी लगेच व्हिडिओ लावले आणि माझी नजर डाव्या बचावपटूवर खिळली. आधीच्या क्लबमध्ये हाच खेळाडू चेंडू मिळताच तो गोलरक्षकाकडे परत देत असे. आता मात्र चेंडू पायाशी येण्याआधीच तो खांद्यावरून मागे पाहून घेत होता, अंग अर्धे वळवून उभा राहत होता आणि पहिल्याच स्पर्शात पुढे निघत होता. तो निघाला, की मधल्या फळीतला एक जण त्याची रिकामी जागा भरायला मागे येत होता. पाचही सामन्यांत हेच दिसले. ही सवय त्या दोघांना सरावात कोणीतरी लावली होती, याबद्दल मला शंका उरली नाही.

मग चेल्सीचीच दुसरी गोष्ट आठवली, जी सोयीस्करपणे माझ्या अहवालात आली नव्हती. जानेवारी 2021 मध्ये नवव्या स्थानावर असलेला तोच संघ हाती घेऊन नवे प्रशिक्षक थॉमस टुखेल यांनी मे महिन्यात चॅम्पियन्स लीग ही युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा जिंकली होती, आणि आधी बऱ्याचदा बाहेर बसणारा अँटोनियो रुडिगर त्यांच्या बचावाचा आधार झाला होता.

बैठकीत मी माझा निष्कर्ष मागे घेतला. श्रेयाची टक्केवारी मागितली गेली, ती मी दिली नाही. त्याऐवजी त्या बचावपटूची दोन दृश्ये, आधीचे आणि नंतरचे, शेजारी शेजारी लावून दाखवली.