गंजी वावरातच राहते

दिवाळीला गावी आले ती नेमकी सोयाबीनच्या धांदलीत. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, नेर तालुक्यात. नेट धड लागतं ते स्लॅबवर, पाण्याच्या टाकीजवळ. तिथेच बसून पीएचडीचं काम चाललंय. आकाशाचे शेकडो छोटे फोटो जोडून एक मोठं चित्र करणारं 'मोंटाज' हे सॉफ्टवेअर क्लाउडमधल्या भाड्याच्या मशीनवर कमी पैशांत आणि वेळेत कसं उरकायचं, हा माझा विषय.

मोंटाजमधली कामं एकमेकांत अडकलेली असतात. आधी प्रत्येक फोटो एकाच मापाच्या चौकटीत बसवायचा. ही कामं सुटी, सोळा मशीन लावल्या तर सोळाही राबतात. मग शेजारच्या फोटोंच्या कडा जिथे एकमेकांवर येतात, तिथला उजेडाचा फरक काढायचा. त्यानंतर हे सगळे फरक एकाच कामात गोळा होतात, आणि त्याच्या पुढचं एकच काम सगळ्या फोटोंच्या दुरुस्त्या ठरवतं. तेवढा वेळ एक मशीन राबते, पंधरा बसून राहतात आणि मीटर पळत असतं.

कुठलं काम आधी आणि कुठल्या मशीनवर, हे ठरवायची 'हेफ्ट' ही पद्धत २००२ साली तोपचुओग्लू, हरिरी आणि वू या संशोधकांनी मांडली. ज्या कामापासून शेवटपर्यंतची वाट सर्वांत लांब, त्याचा नंबर पहिला. आणि ते जिथे सर्वांत लवकर संपेल, त्या मशीनवर टाकायचं. मला ती फार आवडते, आजही सुरुवात तिच्यापासूनच करते. पण मशीन आपल्या घरच्याच आहेत असं ती धरून चालते. भाड्याचा हिशोब तिच्यात नाही.

बाबांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "थ्रेशर आला नाही तं वीस मजूर धुऱ्यावर बसवून त्यायले मजुरी देशीन का तू? सोडून दे ना वं त्या मशीन!"

सोडूनच पाहिल्या होत्या, मागच्या महिन्यात. सोंगणी झाली की मजूर घरी जातात, कापलेल्या सोयाबीनची गंजी वावरातच राहते, वर ताडपत्री टाकली की झालं. इथे मशीन सोडली की तिच्या डिस्कवरची गंजीही तिच्याबरोबर जाते. चौकटीत बसवलेले ते फोटो दुरुस्त्या लावायला पुन्हा लागतात, हे मी हिशोबात धरलंच नव्हतं. सगळे फोटो नव्याने बसवावे लागले. फार जिवाला लागलं ते.

आता मशीन सोडण्याआधी फोटो सामायिक साठ्यात ठेवते, तो मशीन गेली तरी राहतो. पण न्यायला-आणायला वेळ लागतो, आणि मोंटाजमध्ये गणितापेक्षा फायलींची ने-आणच जास्त. म्हणून प्रत्येक मशीनसाठी वेगळा हिशोब मांडतेय: बसून राहण्याचं भाडं जास्त, की फोटो हलवण्याचा खर्च? ज्या मशीनवर फोटो थोडे, ती आधी सोडायची. चार ठेवायच्या की सहा, ते आजच्या रनमध्ये कळेल.

रात्री दोनला थ्री-फेज आली. बाबा बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला निघाले, जाताना खालूनच विचारलं, "गंजी झाकली ना वं?"

झाकली, बाबा. अर्धे फोटो गेलेत, अर्धे जायचेत.