बारा-तेरा दे गं

मला पाढ्यांच्या आधी नट-बोल्टांचे पाने पाठ झाले. सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. अण्णा, म्हणजे माझे वडील, गाडीखाली पोत्यावर उताणे पडलेले असायचे. बाहेर फक्त पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि एक काळाकुट्ट हात. आतून आवाज यायचा, "बारा-तेरा दे गं." की त्या हातावर बारा-तेराच पडला पाहिजे. चुकून चौदा-पंधरा ठेवला तर अण्णा काही बोलायचे नाहीत. हात पसरलेला तसाच राहायचा, पाना परत उचलला जाईपर्यंत.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, पण घरात आणि आळीत तिला सगळे फियाटच म्हणत. आमच्याकडे आली तेव्हा तिचे दोन मालक होऊन गेले होते. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बगलेत, पुढचं सीट सोफ्यासारखं सलग, आणि स्वभाव असा की सपाटीवर लाडात चालायची आणि मे महिन्यात घाट लागला की रुसायची. तिचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला. इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, आणि पंपाला पेट्रोल ढकलता येतं, वाफ ढकलता येत नाही. गाडी दोन आचके देऊन बंद. मग अण्णा उतरायचे, बोनेट उघडायचे आणि आईकडे हात करायचे. आई पिशवीतून पंचा काढून पाण्याच्या बाटलीत भिजवून द्यायची. तो ओला पंचा पंपावर गुंडाळला की पंधरा-वीस मिनिटं आम्ही कठड्यावर बसून करवंदं खायची. हा आमच्या प्रवासाचा भागच होता. त्या काळी खंबाटकीच्या चढाला अशी पंचा गुंडाळलेली चार-पाच कुटुंबं एका वेळी दिसायची. एकमेकांच्या डब्यांतले धपाटेही इकडून तिकडे जायचे.

पुढे गाड्यांचा पंप टाकीत गेला, कार्बोरेटर गेला, आणि हा रुसवाही गेला. आता बोनेट उघडलं तर वर काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. म्हणजे आमच्यात काय चाललंय ते तुम्हाला कशाला हवंय, असं इंजिनच सांगतं.

तरी मी माझ्या छोट्या अल्टोची बरीच कामं घरीच करते. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, वायपर, बल्ब, बॅटरीचं पाणी. पैसे वाचतात हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे रविवारी सकाळी दोन तास कोणी मला हाक मारत नाही. पहिल्यांदा ऑइल बदललं तेव्हा खालचा बोल्ट गळू नये म्हणून जीव खाऊन आवळला. पुढच्या वेळी तो आट्यांसकट बाहेर आला. गॅरेजवाल्याने नवे आटे पाडून दिले आणि पैसे घेताना म्हणाला, "मॅडम, बरणीचं झाकण लावल्यासारखं लावायचं, दाराची कडी नव्हे." तेव्हापासून हात सुधारला. निघालेलं जळकं ऑइल शेजारचे काका हक्काने नेतात; त्यांच्या गोठ्याच्या वाशांना वाळवी लागत नाही ती माझ्या गाडीमुळे, असं ते येईल त्याला सांगतात. ब्रेकला मात्र मी हात लावत नाही. सर्व्हिसिंगचा नाद वेगळा आणि पसरणीचा उतार वेगळा.

कारण माझं घर वाईत आणि नोकरी पाचगणीच्या शाळेत. पसरणी घाट मला रोज दोनदा लागतो, आणि सुट्टीच्या दिवसांत त्या बारा-तेरा किलोमीटरमध्ये एक तरी गाडी उभी असतेच. चढताना उभी असेल तर तापलेली, उतरताना उभी असेल तर ब्रेक जळालेली, लांबूनच कळतं. उतरणाऱ्यांच्या चाकातून धूर आणि करपल्याचा वास. घरचे सगळे रस्त्यावर, स्ट्रॉबेरीचे खोके रस्त्यावर, आणि एखादा उत्साही पुतण्या बाटली घेऊन चाकावर पाणी ओतायच्या तयारीत. त्याला आधी थांबवायचं. लालबुंद तव्यावर गार पाणी टाकलं की तवा वाकडा होतो, तशी आतली डिस्क वाकडी होते. मग घरच्या कर्त्या माणसाला विचारायचं, कोणत्या गिअरमध्ये उतरत होतात? उत्तर ठरलेलं: "चौथ्या." काही जण तर न्यूट्रलमध्ये उतरतात, पेट्रोल वाचतं म्हणून. ब्रेक असे तापले की त्यातलं ऑइल उकळतं आणि पेडल उशीसारखं मऊ होतं. यावर उपाय करण्यासारखं काही नसतं. चाकाला दगड लावायचा, अर्धा-पाऊण तास बसायचं आणि पेडल पुन्हा कडक लागलं तर दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं. नाही लागलं तर गाडी हलवायचीच नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे एसटीचा कुठलाही ड्रायव्हर झोपेत सांगेल.

चढणाऱ्यांची गोष्ट वेगळी. एसी फुल, गाडीत सात माणसं, काटा लालवर. मागे एक गृहस्थ टॉवेल हाताला गुंडाळून रेडिएटरचं झाकण पिळायला निघाले होते. मी शाळेतल्या आवाजात ओरडले. म्हटलं, "घरी कुकरचं झाकण वाफ न जिरवता काढता का?" ते म्हणाले, "घरी कुकर मी लावत नाही." पण त्यांच्या बायकोने टॉवेल काढून घेतला. आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. झाकण ढिलं झालं की एकदम उसळून तोंडावर येतं. गार होऊ द्यायचं, मग भरायचं. इथेही औषध तेच, थांबणं. मला अधूनमधून वाटतं, मी लोकांना गाडीची मदत करतच नाही, त्यांच्याबरोबर नुसती बसते.

पाना लागतो तो बॅटरीला. किल्ली फिरवली की नुसतं कट् कट् कट्, आणि दिवे मंद. एकदा लग्नाला निघालेली मंडळी अशीच अडकली होती. मी विचारल्यावर एकाने माझ्या गाडीत वाकून पाहिलं. "बरोबर जेन्ट्स कोणी नाही का?" नव्हतं. "मग राहू द्या ताई, मेकॅनिकला फोन केलाय." मी म्हटलं, येईपर्यंत बघते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती आणि क्लॅम्प हाताने फिरत होता. दहा-अकराने सोडला, घासकागदाने घासला, परत आवळला. गाडी पहिल्या सेल्फला सुरू. तो गृहस्थ म्हणाला, "नशीब, आपोआप झाली." माझ्या हातात अजून घासकागद होता. पण त्यांच्यातल्या आजींनी माझ्या काळ्या हातात बुंदीचा लाडू ठेवला, त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही.

हे सगळं दिवसाउजेडी. रात्री एकटी असले तर मी थांबत नाही, त्याची लाजही वाटत नाही. हायवेवर असेन तर पुढे जाऊन 1033 ला, हायवेच्या मदत क्रमांकाला, फोन करते, अमुक किलोमीटरच्या दगडाजवळ गाडी बंद आहे म्हणून.

मला राग येतो तो दगडांचा. बंद गाडीमागे लोक इशारा म्हणून दगड मांडतात, झाडाच्या फांद्या टाकतात. हे ठीक, डिकीतला लाल त्रिकोण कुठे ठेवलाय ते मालकाला ठाऊक नसतं. पण गाडी सुरू झाली की सगळे टुणकन आत बसतात आणि दगड तिथेच. रात्री एखादा दुचाकीवाला वळणावरून येतो. म्हणून मी मदत केली की निघताना वर्गात सांगावं तसं सांगते, दगड उचला. बाप्ये निमूटपणे उचलतात.

अण्णाही उचलायला लावायचे, पण थांबण्याची सवय त्यांची मूळची नव्हे. ती आम्हाला बहुतेक 1986 च्या मे महिन्यात लागली. पुण्याहून येत होतो. तेव्हा खंबाटकीला बोगदा नव्हता, चढणारे-उतरणारे एकाच रस्त्याला. त्या दिवशी ओल्या पंचाने काम होईना. फॅनबेल्ट ढिला पडून घसरत होता, म्हणजे पंखा नाही, पाण्याचा पंपही नाही. अण्णांना अजून फार येत नव्हतं. एक मालट्रक थांबला. ड्रायव्हर कर्नाटकातला, मराठी नाही, हिंदी मोडकं. त्याने गोणपाटातून आपला पाना काढला, लावून पाहिला, बसेना. तो बाजूला ठेवला आणि अण्णांकडे हात पसरला. माझ्या हातात संच होता. मी बघितलं आणि बारा-तेरा दिला. त्याने टॉमीने डायनॅमो ओढून बेल्ट ताणला, बोल्ट आवळला, बिडी पेटवली आणि गेला. पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर बोनेट उघडलं तर त्याचा पाना आतल्या कंगोऱ्यावर तसाच. अण्णांच्या जिवाला लागलं. पुढची दोन वर्षं तो पाना समोरच्या खणात असायचा आणि खंबाटकीत कर्नाटकचा ट्रक दिसला की अण्णा गाडी हळू करून ड्रायव्हरचं तोंड बघायचे. मागचे हॉर्न मारून हैराण. आई म्हणायची, "त्याने नवा घेतला असेल हो." अण्णा म्हणायचे, "हो, पण याचं काय?"

खंडेनवमीला मी पाने धुऊन पुसून पाटावर मांडते, हळद-कुंकू वाहते. तो पानाही असतो. मागे एकदा मोजून पाहिला, 12.7 मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. माझ्या गाडीत त्याचा काही उपयोग नाही. बाराच्या नटावर फिरतो, तेराच्या नटावर चढत नाही. संचात मी त्याला बारा-तेराच्या शेजारी ठेवते.