थरथरत्या आलेखातून आलेला ऑक्सिमीटर

करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेल्या पल्स ऑक्सिमीटरचा जन्म एका तांत्रिक अडचणीतून झाला. निहोन कोहडेन या जपानी कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी कानाच्या पाळीतून प्रकाश आरपार सोडून, रक्तात मिसळलेल्या रंगद्रव्याच्या आधारे हृदय किती रक्त बाहेर टाकते हे मोजू पाहत होते; पण नाडीच्या ठोक्यांमुळे आलेख सारखा थरथरे. ती थरथर घालवण्याच्या खटपटीत त्यांच्या ध्यानात आले की, ठोक्यागणिक बदलणारा भाग धमनीतल्या रक्ताचाच असतो आणि तांबडा व अवरक्त प्रकाश किती शोषला जातो, याच्या गुणोत्तरावरून त्यातील प्राणवायूचे प्रमाण सुई न टोचता काढता येते. १९७४ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. पुढे भूलतज्ज्ञांनी ती उचलून धरली.

आमच्या आईची बोटे गार पडली की पडद्यावर नुसत्या रेघा दिसत. तळहात चोळून ऊब आणल्यावरच आकडा उमटे. नाडी क्षीण असेल तर यंत्राला मोजायला काही उरतच नाही, त्याचा हा परिणाम. त्याहून गंभीर दोष म्हणजे गडद त्वचेवर ते कधीकधी प्राणवायू प्रत्यक्षाहून जास्त दाखवते. २०२० मधील एका अमेरिकी अभ्यासानंतर त्याची मोठी चर्चा झाली. मला विचाराल तर ती फारच उशिरा झाली.